केलनपूर, १९२७

डेन्झिल ड्रायव्हरने चाळीस रुपये बुडवले
आणि बदल्यात एक तबकडी दिली.
आई महिनाभर बाबांशी बोलली नाही.

तबकडीवर एक रेल्वेवाला गात होता.
बाबांसारखाच, गाडीच्या शेपटाकडचा,
हातब्रेक आवळणारा, कंदील हलवणारा,
फक्त देश दुसरा, रूळ रुंद.
गाता गाता मध्येच त्याच्या गळ्याला ठेच लागायची
आणि आवाज खाली न पडता
वर पडायचा.
बाबा म्हणाले, हा आपल्या खात्यातला.

तेव्हापासून प्रतापनगर ते डभोई
त्या बोटभर रुळांवर
त्यांनी परमुलखातल्या गाण्यांचा इतिहास टांगला,
स्टेशनागणिक एकेक,
म्हणजे विसरायला व्हायचं नाही.
कुठून कुठून जमवलं, देव जाणे.
वही गार्डचीच, शाई जांभळी,
शेऱ्याचा रकाना उजवीकडे.

प्रतापनगर. १९२५, नोव्हेंबर.
पांढऱ्या दाढीचा म्हातारा रेडिओच्या यंत्रापुढे बसला.
तासभर फिडल वाजवून झालं,
पुरे म्हणाले, तर म्हणे, आत्ता कुठे हात गरम होतोय.
शेरा: सुटली वेळेवर.

केलनपूर. १९२७, ऐन उन्हाळा.
टोप्यांच्या जुन्या गुदामात आवाज धरायचं यंत्र.
घुमू नये म्हणून भिंतींना घोंगड्या.
गावच्या रस्त्याची एक कड एका राज्यात, दुसरी दुसऱ्यात.
डोंगरातून माणसं उतरली,
एक बाई तर अंगावरचं मूल घेऊन.
शेरा: दूधवाला चढला. कॅन तीन, तिकीट एक.
बोललो नाही.

कुंढेला. १९३३.
तोच, तबकडीवरचा. क्षय.
गाणं झालं की स्टुडिओतल्या खाटेवर पडायचा,
उठायचा, गायचा, पडायचा.
दोन दिवसांनी गेला.
शेरा: विठू. गोत्री दवाखाना. खाट ११.

(विठूकाकाला मी पाहिलेलं नाही.
घरात त्याचा फोटोही नव्हता.)

भिलापूर. १९५३, जानेवारीची पहिली.
मोटारीच्या मागच्या सीटवर गवई मेलेला,
चालवणाऱ्या पोराला पत्ता नाही.
थिएटरात जाहीर केलं तर लोक हसले,
तो नेहमीच उशिरा यायचा ना.
मग कोणीतरी त्याचंच गाणं धरलं.
शेरा: मागच्या डब्यात काय झालं
ते इंजिनाला कधी कळतं?

थुवावी. १९७१.
आकाशवाणी, बडोदा. उमेदवार भा. खानविलकर.
विचारलं, प्रकार? नाट्यगीत, सुगम, भजन?
म्हटलं, रेल्वे.
ते तिघं एकमेकांकडे बघत राहिले.
गायलो. ठेच लागली, आवाज वर गेला.
एकाने घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला.
शेरा: बाजूच्या रुळावर घेतली.

एवढंच. त्या सगळ्यांच्या खाली, त्याच शाईत,
ओळ न सोडता.
आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

डभोईसमोर काही नाही.
डभोईला इंजिन पाणी प्यायचं
आणि डेन्झिल बाबांच्या नावावर भजी खायचा.

परवा मी गेले त्या गाडीने.
रूळ आता रुंद.
गार्डला मॅनेजर म्हणतात, मुलगी होती,
कानात काहीतरी ऐकत होती, विचारलं नाही.
कुंढेला मागे पडल्यावर
खिडकीकडे तोंड करून हळूच करून पाहिलं.
ठेच लागली खरी,
पण आवाज जिथे पडायला हवा तिथे नाही पडला.
समोरच्या पोराने बाटली पुढे केली,
"मासी, पाणी आपुं?"

घेतलं. कोमट होतं.
डभोई आलं. उशीर चार मिनिटं.